वाया जाणाऱ्या गॅसवर वीज: कोळशाच्या बॉयलरवरून पोलाद कारखान्यात जाणाऱ्यांसाठी

भुसावळ, वरणगाव, यावल भागातल्या बऱ्याच पोरांचा बॉयलरशी पहिला संबंध येतो तो दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात. कोळसा दळणारी मिल, तो भट्टीत फुंकणारा पीए फॅन, ड्रममधल्या पाण्याची पातळी, राख, सगळं तिथं हाताखालून जातं. पुढे कुणी सुरतच्या गाडीत बसून तापीच्या मुखाशी हजिऱ्याला पोलाद कारखान्यात लागतो, कुणी रायगडात, कुणी छत्तीसगडात. तिथल्या पॉवर प्लांटमध्ये ड्रम तोच असतो, टर्बाइनही ओळखीची वाटते. जळण मात्र दुसऱ्याच्या हातात असतं. हा लेख त्या फरकाबद्दल आहे.

कोळशाच्या बॉयलरवर लोड वाढवायचा म्हणजे फीडरचा वेग वाढवायचा. बंकरमध्ये कोळसा आहे, तो तुमची वाट बघत पडून असतो. ब्लास्ट फर्नेसचा, म्हणजे खनिजातून कच्चं लोखंड काढणाऱ्या फर्नेसचा गॅस वाट बघत नाही. फर्नेस जेवढा सोडेल तेवढाच आणि सोडेल तेव्हाच मिळतो. बॉयलरमध्ये जाळला नाही तर फ्लेअरवर, म्हणजे उंच चिमणीच्या टोकाशी फुकट जळून जातो, आणि कमी पडला तर मेनचा, म्हणजे मुख्य गॅस पाइपाचा दाब घसरतो. त्यामुळे पॅनलवर बसल्यावर पहिली नजर मेगावॅटवर टाकायची नाही, गॅस मेनच्या दाबावर टाकायची. मेगावॅट हा त्या दाबाचा परिणाम आहे. ही सवय लागायला कोळशावरून आलेल्या माणसाला दोन-तीन महिने लागतात. तोवर गॅस कमी असताना लोड ओढण्याची चूक हमखास होते.

तीन गॅस, तीन स्वभाव

ब्लास्ट फर्नेस गॅस, म्हणजे बीएफ गॅस, सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत हलक्या प्रतीचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड २० ते २५ टक्के, कार्बन डायऑक्साइड जवळपास तेवढाच, हायड्रोजन थोडासा, आणि निम्मा भाग नायट्रोजन, जो जळत नाही. उष्मांक एका नॉर्मल घनमीटरला ७५० ते ८५० किलोकॅलरी. एक टन कच्च्या लोखंडामागे साधारण १४०० ते १८०० घनमीटर गॅस निघतो.

कोळशापासून कोक करणाऱ्या भट्ट्यांचा कोक ओव्हन गॅस याच्या उलट. निम्म्याहून जास्त हायड्रोजन, पाव भाग मिथेन, उष्मांक ४००० ते ४३०० किलोकॅलरी. झटकन पेटतो, हवेपेक्षा बराच हलका असतो. एक सावधगिरी इथंच सांगायला हवी. बऱ्याच कारखान्यांत कोक ओव्हन गॅसला बोलताना 'सीओ गॅस' म्हणतात, आणि कार्बन मोनॉक्साइडलाही 'सीओ' म्हणतात. फोनवर कुणी ‘सीओ वाढलाय’ म्हणालं तर गॅस वाढलाय की विष वाढलंय, हे विचारूनच हात हलवा. या लेखात 'सीओ' म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच.

तिसरा एलडी गॅस, पोलाद बनवणाऱ्या कन्व्हर्टरचा. त्यात ६० ते ७० टक्के सीओ, उष्मांक १८०० ते २००० किलोकॅलरी. तो फक्त ऑक्सिजन फुंकताना, म्हणजे एका हीटमध्ये (पोलादाच्या एका घाण्यात) १५ ते २० मिनिटंच निघतो. म्हणून होल्डरशिवाय, म्हणजे गॅस साठवायच्या टाकीशिवाय त्याचा उपयोग नाही. ऑक्सिजन दोन टक्क्यांच्या वर दिसला की तो होल्डरमध्ये घेत नाहीत, फ्लेअरवर सोडतात.

किती वीज निघेल, हा कच्चा हिशोब

एक युनिट विजेत ८६० किलोकॅलरी असतात. बॉयलर आणि वाफेच्या टर्बाइनची मिळून कार्यक्षमता ३० टक्क्यांच्या थोडी वर धरली, तर एका युनिटला सुमारे २८०० किलोकॅलरी जळण लागतं. ८०० किलोकॅलरीचा बीएफ गॅस असेल तर एका युनिटला साडेतीन घनमीटर. हा आकडा पाठच करून ठेवा.

रोज ३००० टन लोखंड काढणारी फर्नेस घेऊ. तासाला १२५ टन, टनाला १५०० घनमीटर धरले, तर तासाला १,८७,५०० घनमीटर गॅस. त्यातला सुमारे ३० टक्के फर्नेसच्या स्टोव्हलाच हवा तापवायला लागतो. उरला १,३१,००० च्या आसपास. साडेतीनने भागा. सगळा पॉवर प्लांटला मिळाला तर ३७ मेगावॅट. रोलिंग मिलच्या रीहीटिंग फर्नेसनं त्यातला वाटा घेतला की आकडा तेवढा खाली येतो. याच गॅसवर गॅस टर्बाइनचं कंबाइंड सायकल चालवलं तर ४० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळते, पण गॅस कॉम्प्रेस करावा लागतो आणि धुळीबाबत फार कडक राहावं लागतं.

फर्नेसच्या वरच्या दाबावर चालणारी टीआरटी टर्बाइन वेगळी. ती गॅस जाळत नाही. दाब उतरवताना त्यातून टनामागे ३० ते ५० युनिट काढते आणि गॅस तसाच पुढे देते. दाबाची फर्नेस असेल तर ही फुकटची वीज सोडू नये.

गॅस बॉयलरपर्यंत कसा यायला हवा

फर्नेसमधून निघालेला गॅस आधी डस्ट कॅचरमध्ये जातो, मग व्हेंच्युरी स्क्रबरमध्ये किंवा कोरड्या बॅग फिल्टरमध्ये. बॉयलरपाशी धूळ घनमीटरला ५ ते १० मिलिग्रॅमच्या आत हवी. जास्त झाली की बर्नरच्या तोंडाशी आणि एअर हीटरमध्ये थर बसतो, फ्लेम स्कॅनरची काच आंधळी होते, आणि चालू ज्योतीवर बॉयलर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. कोरड्या सफाईचा गॅस गरम आणि कोरडा मिळतो हा फायदा, पण त्यातली क्लोराइडं धुऊन निघत नाहीत. पुढे पाइप थंड झाला की जे पाणी सुटतं ते आम्लधर्मी असतं आणि ते आधी एक्स्पान्शन बेलोज खातं. बेलोजच्या तळाशी तपकिरी ओघळ दिसला तर रंग मारून झाकू नका, जाडी मोजायला लावा.

ओल्या सफाईचा गॅस पाण्यानं भरलेला येतो. हा मुद्दा आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला पटकन कळतो. स्क्रबरचं पाणी थंड असून गॅस ४० अंशांवर बाहेर पडला तर त्यात सुमारे ७ टक्के वाफ असते. कूलिंग टॉवर थकला आणि गॅस ५५ अंशांवर आला तर १५ टक्के. तेवढ्याच घनमीटरमधला जळणारा भाग आठ-नऊ टक्क्यांनी घटला. फ्लोमीटर तोच आकडा दाखवतो आणि वाफ मात्र कमी पडते. अशा वेळी बर्नर खोलायच्या आधी गॅसचं तापमान बघा.

हे पाणी पाइपात सुटतं आणि सखल जागी लावलेल्या ड्रिप पॉटमधून बाहेर पडतं. ड्रिप पॉट तुंबला की पाइपच्या खालच्या वळणात पाणी साठतं. त्याची खूण म्हणजे हेडरचा दाब झोके घेऊ लागतो, कंट्रोल व्हॉल्व्ह काही करत नसतानाही. ते पाणी जमिनीवर सोडायचं नाही, त्यात सायनाइड आणि अमोनियाचा अंश असतो. आणि पॉट उघडताना पाण्यामागोमाग गॅस येतो.

ड्रिप पॉट आणि वॉटर सील, दोन्हींत गॅसला अडवून धरणारी गोष्ट एकच, पाण्याच्या स्तंभाची उंची. मेनचा दाब ८०० मिलिमीटर पाण्याएवढा असेल तर सील ८०० चं ठेवून भागत नाही. रूढ नियम असा की जास्तीत जास्त कार्यदाबाच्या वर निदान ५०० मिलिमीटर हवे, म्हणजे इथं १३००. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की घरचा कूलर दिवसातून दोनदा भरावा लागतो. उघड्या पॉटमधलं पाणीही तसंच उडतं. म्हणून सीलला पाण्याची बारीक धार कायम चालू हवी आणि ओव्हरफ्लोमधून ती पडताना डोळ्यांना दिसायला हवी. प्रत्येक पाळीला प्रत्येक पॉटचा ओव्हरफ्लो बघा. पाणी पडत नसेल तर तो पॉट रिकामा आहे असंच धरून चाला.

लाइन चार्ज करणं

बटरफ्लाय व्हॉल्व्ह बंद आहे म्हणजे गॅस बंद आहे, असं कधीही समजू नका. तो गळतोच. खरं आयसोलेशन म्हणजे गॉगल व्हॉल्व्हची भरीव पाटी पाइपात आडवी, किंवा भरलेलं वॉटर सील आणि त्याच्या सोबत व्हॉल्व्ह. गॉगल व्हॉल्व्ह फिरवताना थोडा गॅस बाहेर येतोच, म्हणून तिथं श्वसन संच घातलेलीच माणसं हवीत आणि खाली रस्ता अडवलेला हवा.

नव्या किंवा दुरुस्तीनंतरच्या लाइनीत गॅस सरळ हवेवर सोडणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. आधी नायट्रोजन. किती लागेल, ते मोजता येतं. दीड मीटर व्यासाची, २०० मीटर लांबीची लाइन म्हणजे सुमारे ३५० घनमीटर जागा. तिप्पट धरा, १०५० घनमीटर नायट्रोजन. तासाला ५०० मिळत असेल तर दोन तासांहून थोडं जास्त. एका टोकाकडून सोडा, दुसऱ्या टोकाचा वरचा व्हेंट उघडा ठेवा. ऑक्सिजन एक टक्क्याच्या खाली आला हे तिथंच, व्हेंटपाशी मोजा, आणि थोड्या थोड्या वेळानं तीनदा मोजा. एकदा मोजून खूश होणारे फसतात, कारण बंद फांदीत अडकलेली हवा नंतर बाहेर येते. मग गॅस सोडा, व्हेंटमधून गॅस आला की व्हेंट बंद करा आणि दाब हळूहळू चढवा. लाइन बंद करतानाही हाच क्रम उलटा: गॅस, मग नायट्रोजन, मग हवा. गॅस आणि हवा यांच्या मध्ये नायट्रोजन असलाच पाहिजे.

पेटवणं

खानदेशी भरिताची वांगी भाजायला कपाशीच्या काड्या लागतात. वाळलेल्या काड्या काडी लावताच भडकतात, ओल्या मात्र आधीच धगधगत्या जाळात टाकल्या तरच जळतात. बीएफ गॅस ओल्या काड्यांसारखा आहे. त्याची ज्योत जेमतेम १२०० ते १३०० अंशांची, फिकट निळी, ऊन असलं तर दिसतही नाही. थंड भट्टीत, म्हणजे बॉयलरच्या जळण जळायच्या पोकळीत, तो पेटत नाही, नुसता साठत जातो.

१. एफडी (हवा आत ढकलणारा) आणि आयडी (धूर बाहेर ओढणारा) फॅन चालू करून, ३० टक्क्यांच्या आसपास हवेवर निदान पाच मिनिटं भट्टी पर्ज करा, म्हणजे आत उरलेला गॅस हवेनं बाहेर काढा. सगळे गॅस व्हॉल्व्ह बंद आहेत हे पॅनलवर नाही, जागेवर जाऊन बघा.

२. कोक ओव्हन गॅस किंवा एलडीओचा (हलक्या डिझेल तेलाचा) बर्नर इग्नायटरवर पेटवा. ठिणगी आधी, जळण मागून. दहा सेकंदांत ज्योत दिसली नाही तर जळण बंद, आणि पुन्हा पूर्ण पाच मिनिटं पर्ज. घाईत अर्ध्या पर्जवर दुसरी काडी ओढल्यामुळे भट्टी फुगल्याचे प्रकार होतात.

३. याच आधाराच्या जळणावर बॉयलर त्याच्या नेहमीच्या वेगानं तापवा. भट्टी ७०० अंशांच्या वर गेल्याशिवाय बीएफ गॅसला हात लावायचा नाही.

४. पेटत्या आधार-बर्नरच्या शेजारचा एकच बीएफ बर्नर उघडा, हवा कमी ठेवून. एक घनमीटर बीएफ गॅसला फक्त ०.६ घनमीटर हवा पुरते. कोळशाच्या सवयीनं हवा जास्त सोडली तर ज्योत उडून जाते.

५. ज्योत स्थिरावली की समोरासमोरचे बर्नर जोडीनं घ्या. आधाराचं जळण कमी करत न्या, पण एकूण उष्णतेच्या १० ते १५ टक्के ठेवा. गॅस चांगला आहे म्हणून ते बंद करून बचत दाखवणाऱ्यांचं ऐकू नये. फर्नेसनं एक झटका दिला की ती बचत एका ट्रिपमध्ये जाते.

वाफेचं तापमान हा पुढचा धक्का. गॅसवर धूर कोळशापेक्षा सव्वा ते दीडपट निघतो आणि ज्योत थंड व निस्तेज असते. त्यामुळे भट्टीच्या भिंती कमी उष्णता घेतात आणि ती सगळी मागे सुपरहीटरवर जाते. कोळशावरून गॅसवर वळवताना वाफेचं तापमान चढतं. वाफ थंड करणारा पाण्याचा स्प्रे आधीच हाताशी ठेवा, त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा पडत असेल तर बीएफ गॅस घटवा. आयडी फॅनची क्षमता आधी संपते हेही लक्षात ठेवा. गॅस भरपूर आणि ड्राफ्ट (धुराला ओढ) मिळत नाही, अशी वेळ पावर प्लांटमध्ये नेहमीची.

चालवताना

फर्नेस स्टोव्ह बदलते, साधारण तासाभराच्या अंतरानं, आणि तेवढ्या वेळात मेनचा दाब हलतो. तो झोका होल्डर सोसतो. फर्नेस अचानक ऑफ ब्लास्ट गेली, म्हणजे तिची हवा बंद झाली, तर मात्र काही मिनिटांत गॅस संपतो. फर्नेसच्या कंट्रोल रूमचा फोन तुमच्यापर्यंत आधी यायला हवा, त्यासाठी पाळीच्या सुरुवातीला तिकडच्या माणसाशी स्वतः बोला: कास्टिंग (लोखंड बाहेर काढणं) किती वाजता, शटडाउन आहे का, बर्डन (फर्नेसमध्ये भरलेला माल) नीट उतरतंय का.

गॅस कमी पडला की आधी कोण सोडणार, हा क्रम ठरलेला असतो. सगळ्यांत आधी पॉवर प्लांट, मग रोलिंग मिल, शेवटी स्टोव्ह आणि कोक ओव्हन. यात मान-अपमान नाही. लोड टप्प्याटप्प्यानं उतरवा, आधाराचं जळण वाढवा. लो प्रेशर ट्रिपची सेटिंग कारखान्याप्रमाणे वेगळी असते, पण ती बायपास करण्याचा विचारही नको. दाब शून्याखाली गेला तर मेन बाहेरची हवा आत ओढते. मग किलोमीटरभर पाइपात स्फोटक मिश्रण तयार होतं आणि दुसऱ्या टोकाला तुमचाच पेटता बर्नर असतो.

बॉयलर गुरगुरायला लागला, भट्टीचा ड्राफ्ट काटा थरथरू लागला, तर ज्योत धडधडते आहे. बहुतेकदा कारण तीनांपैकी एक: हवा जास्त, गॅसमध्ये पाणी, नाहीतर उष्मांक उतरलेला. आधाराचा बर्नर वाढवा, मग कारण शोधा. कोक ओव्हन गॅसच्या लाइनीत वेगळाच त्रास, नॅप्थलीन. थंडीत ते पाइपात पांढऱ्या पापुद्र्यासारखं बसतं आणि बर्नरचं तोंड बारीक करतं. लाइन आयसोलेट आणि पर्ज करून वाफ मारली की निघतं.

आपल्या भागात हे जमेल का

जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत बीएफ गॅस मिळणार नाही, कारण त्याला ब्लास्ट फर्नेस लागते. इंडक्शन फर्नेसच्या धुरातून वीज काढायचं स्वप्न कुणी विकत असेल तर पैसे घालू नका, त्यात ना पुरेसा जळणारा गॅस असतो ना सलग उष्णता. रीहीटिंग फर्नेस असेल तर तिच्या धुरानं वीज नको, जळणाची हवा तापवा. हवा २० अंशांनी तापली की जळण साधारण एक टक्का वाचतं, २०० अंशांनी तापवली तर दहा टक्के. स्पंज आयर्नची किल्न (खनिज न वितळवता लोखंड करणारी फिरती भट्टी) असेल तरच वीज परवडते. तिचा धूर ९०० ते १००० अंशांचा असतो, आणि रोजच्या १०० टनांच्या किल्नमागे वेस्ट हीट बॉयलरवर सुमारे २ मेगावॅट मिळतात. तिथं सांभाळायचं ते आफ्टर बर्निंग चेंबर. उरलेला सीओ तिथंच पूर्ण जळला पाहिजे, आणि तापमान फार चढू देऊ नये, नाहीतर धूळ वितळून बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखी बसते.

सीओ

बीएफ गॅसला वास नाही, रंग नाही. त्यात २२ टक्के सीओ म्हणजे २,२०,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). आठ तासांच्या कामाला मर्यादा ५० पीपीएम. १६०० पीपीएमला वीस मिनिटांत डोकं दुखतं, चक्कर येते. १२,८०० पीपीएमला एक ते तीन मिनिटांत माणूस जातो, आणि तेवढं व्हायला हवेत बीएफ गॅसचा सतरावा हिस्सा मिसळला तरी पुरे. हा गॅस हवेपेक्षा किंचित जड असल्यामुळे खड्ड्यात, पंपघरात, पाइपच्या बोगद्यात थांबतो. जून २०१४ मध्ये भिलाईत पंपहाउसमधल्या पाण्याचा दाब पडला आणि गॅस पाण्याच्या वाटेनं उलटा आला. सहा माणसं गेली. गॅस जिथं धुतला जातो, तिथलं पाणी हेच सील असतं, ते गेलं की गॅस त्याच वाटेनं माणसांपर्यंत पोहोचतो.

गॅस क्षेत्रात एकट्यानं जायचं नाही. मॉनिटर खिशात नाही, छातीवर, तोंडाजवळ लावायचा. तो ५० ला वाजला की कारण बघत थांबायचं नाही, वाऱ्याच्या दिशेचा झेंडा बघून आडव्या वाऱ्याला निघायचं. साधा मास्क सीओ अडवत नाही, हवेचा सिलिंडर असलेला संचच लागतो. खाली पडलेला सोबती दिसला की पाय आपोआप त्याच्याकडे धावतात. तसंच धावून दुसरा आणि तिसरा पडतो. आधी ओरडा, आधी अलार्म, संच घाला, मगच आत.

बाहेर काढलेल्या माणसाला शुद्ध असली तरी चालवू नका, झोपवून ठेवा आणि मास्कनं शुद्ध ऑक्सिजन द्या. श्वास थांबला असेल तर लगेच कृत्रिम श्वास आणि छातीदाब सुरू करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून सोडून देऊ नका. सीओ लागलेलं रक्त त्या यंत्राला ऑक्सिजन लागलेल्या रक्तासारखंच दिसतं, त्यामुळे मरणाच्या दारात असलेल्या माणसाचाही आकडा चांगला येतो. दवाखान्यात सोबत जाणाऱ्यानं पहिलं वाक्य ‘सीओ लागलाय’ हेच बोलावं, तो किती मिनिटं आत होता ते सांगावं, आणि रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासायला सांगावं.